जयाबाईंनी शाल नाकारली

तमाशाच्या फडात मी बेचाळीस वर्षं नाचले, गायले. म्हातारपणी औषधाला पैसे नसतात, पण सत्काराच्या शालींनी कपाट भरलंय. तरीही जयाबाई त्रिभुवनांच्या सत्काराला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा मी आनंदाने गेले.

श्रीरामपूरजवळच्या मिशनच्या शाळेत बाई सव्वीस वर्षं गणित शिकवतात. मी गावोगाव फिरत असताना माझी रेश्मा तिथल्या वसतिगृहात होती. नाचणारीची पोर म्हणून बाकावर तिला कुणी शेजारी घेईना. बाईंनी तिला वर्गाची मॉनिटर केलं.

अशा बाईचा पगार नऊ हजार. पाचवी ते सातवीच्या वर्गांना सरकारी अनुदान नाही, फी महिन्याला दोनशे. फेब्रुवारीच्या पालकसभेत शाळा चालवणाऱ्या सिस्टरांनी शंभर रुपये वाढ मागितली, नाहीतर जूनपासून हे वर्ग बंद. पालकांनी साफ नकार दिला. मिशनला म्हणे बाहेरून पैसा येतो! दुष्काळात मिशनने वाटलेली सुकडी आजोबांनी खाल्ली, नातवांना अजून वाटतं कोठार भरलेलंच आहे. नकार देण्यात पुढे होता कानिफनाथ, बाईंचाच जुना विद्यार्थी. थोरल्या मुलासाठी कोपरगावच्या इंग्रजी शाळेत तो वर्षाला पन्नास हजार मुकाट भरतो. धाकटी इथे.

आणि याच लोकांनी सत्कारासाठी वर्गणी काढली. मांडव, डीजे, शाल, श्रीफळ. फ्लेक्सवर बाईंपेक्षा कानिफनाथचा फोटो मोठा, खाली ‘निःस्वार्थ सेवेची सव्वीस वर्षे’.

मी शाल उलगडली. बाईंनी माझा हात धरला.

“अक्का, थांबा.” मग त्या माईककडे वळल्या. “मी सेवा केली नाही, नोकरी केली. पगार कमी होता, म्हणून तुम्ही तिला सेवा म्हणता.”

कानिफनाथ हसत उठला. “बाई, आमी सत्काराला आलोय. मीटिंग मागंच झाली.”

“वर्गातही तू असाच मध्ये बोलायचास. बस खाली.” लोक हसले. “टाळीला दोन हात लागतात, मला एकच हवाय. शंभर रुपये वाढ ज्यांना मान्य, त्यांनी वर करा.”

शिट्ट्या मारणारं पब्लिक मी सांभाळलंय, पण हात खिशात लपवणारं पब्लिक पहिल्यांदाच पाहिलं. तमाशाला येणारा निदान तिकीट काढून येतो. गाणं आवडलं म्हणून ते फुकट मागत नाही.

पहिला हात वर गेला छबूबाईचा. ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते. मग आणखी बायका. मग कानिफनाथची बायको धनश्री, नवऱ्याकडे न बघता. हळूहळू पुरुषांचेही.

बाई हरखल्या नाहीत. सिस्टरांना म्हणाल्या, “आत्ताच नावं लिहून घ्या. घरी गेलं की हे हात खाली येतात.”

सिस्टर वही घेऊन खाली उतरल्या, तशी मागे चुळबुळ सुरू झाली. मांडवाला वाट एकच होती. मी त्या वाटेत खुर्ची टाकून बसले.

“अक्का, वाट सोडा. बाहेर माझी गाडी उभी हाय,” कानिफनाथ म्हणाला.

“उभी राहू दे. नाव सांग.”