डाव्या हाताची राख

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर घाटनांदूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींचा. दहावीनंतर अब्बा मला आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसवणार होते. गुरुजी दुकानात येऊन म्हणाले, "मिस्त्री, पोरगं सायन्सला घाला. तांब्याची तार कुठं पळून चालली न्हाई." म्हणून मी आज पीएच.डी. करतो.

करतो ते विद्यापीठाच्या एका संशोधन गटात. पृथ्वीवर जीव नव्हता, तेव्हा निर्जीव रसायनांतून जीवाचा कच्चा माल कसा तयार झाला असेल, हा आमचा विषय. गट म्हणजे मार्गदर्शक सर, एक सीनियर आणि मी. विषयावर माझी श्रद्धा आहे. सरांचीही आहे, पण ते प्रयोगशाळेत क्वचित येतात, कारण सत्कार फार असतात.

सरांची कल्पना अशी, की आदिम पृथ्वीवर ज्वालामुखीची राख होती, आपल्याकडे परळीच्या वीजकेंद्राची आहे. ती आणायला ते स्वतः गेले आणि आपल्या गाडीतून पोतं भरून घेऊन आले. राख, पाणी, अमोनिया, फॉर्मल्डिहाइड असं सगळं फ्लास्कमध्ये घालून आम्ही तापवत बसलो. शेवटी नमुने बाहेरून तपासून आले. अमायनो आम्लं सापडली होती, आणि जवळजवळ सगळी डावी.

या आम्लांचे रेणू आपल्या हातांसारखे असतात, डावे आणि उजवे. निर्जीव रसायनांतून दोन्ही सारखेच तयार होतात. सजीव मात्र बहुतेक डावेच वापरतात. असं का, ते जगात कुणाला नीट माहीत नाही. सरांना त्या दुपारी कळलं. "परळीच्या राखेनं डावे निवडले!" असं म्हणून त्यांनी पहिला फोन फ्लेक्सवाल्याला केला.

फ्लेक्सवर वरती पुढारी, मध्ये सर, खाली ओळ: 'जीवसृष्टीचे जनक'. कार्यक्रमात पुढारी म्हणाले, "आजवर जिल्ह्यानं ऊस दिला, आता जीव दिला." टाळ्या पडल्या. सरांनी मान लववून श्रेय स्वीकारलं. देवाच्या वतीनं की स्वतःच्या, ते काही कळलं नाही.

मला ते डावेपण खुपत होतं. मी पोत्यातली राख नुसत्या पाण्यात घातली, तशीच तापवली आणि तपासायला पाठवली. रसायनांशिवायच्या अशा प्रयोगाला आम्ही ब्लँक म्हणतो. निकाल तोच आला. तीच आम्लं, तशीच डावी. म्हणजे ती आमच्या फ्लास्कमध्ये तयार झालीच नव्हती. पोतं उलटं केलं, तर शिवणीत सरकीच्या पेंडीचे तुकडे निघाले. पोतं सरांच्या गोठ्यातलं होतं.

सीनियरला दाखवलं. तो म्हणाला, "येडा हाईस का बे? ब्लँक डिग्री मिळाल्यावर लावत असतेत."

मग सरांना दाखवलं. सर रागावले नाहीत, दुखावले.

"तुला कुणी सांगितलं होतं हे लावायला?"

"पद्धत हाय सर."

"पद्धत! माझ्या म्हशींनी आदिम पृथ्वी नासवली, असं छापू का?" मग अगदी शांतपणे म्हणाले, "हा ब्लँक तुझ्या प्रबंधात दिसला, तर माझी सही दिसणार न्हाई."

त्याच संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. "पुढच्या शनिवारी शाळेत तुझा सत्कार. परिपाठाला पोरांना सांगून टाकलंय, आपल्या शाळेच्या पोरानं जीव तयार केला. लई बरं वाटलं गड्या."

मी "बरं गुरुजी" म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांनी पत्र पाठवलं:

आदरणीय गुरुजी,

सलाम. सत्कार ठेवू नका. आम्ही जीव तयार केलेला नाही. राख ज्या पोत्यातून आली, त्यात आधी म्हशींची पेंड होती. आम्हाला सापडलं ते पेंडीतलं. हा निकाल मी आज विद्यापीठाच्या समितीकडे लेखी दिला. सर आता सही करणार नाहीत. दुसरे मार्गदर्शक मिळतील की नाही, ठाऊक नाही. मिळाले तरी काम पहिल्यापासून करावं लागेल. अब्बांना मीच सांगेन.

शनिवारी मी येतो, पण शाल नको. पोरांना तुम्ही जे सांगितलं ते चुकीचं होतं, हे मी सांगेन. तुम्ही सांगू नका. फक्त म्हशी कुणाच्या, असं एखाद्यानं विचारलं तर काय सांगू, तेवढं कळवा.

आपला विद्यार्थी