पाय हेरून वाजणारी पावरी

सोमाबाबा माणसाच्या तोंडाकडे क्वचितच बघत. सुरतेजवळ बमरोलीच्या आमच्या चाळीत त्यांच्याकडे कुणी आलं, की नजर आधी पायांवर जायची. "गुडघा दुखतोय का रं?" असं विचारून मग रामराम. ही खोड त्यांना पावरीनं लावलेली. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात आम्ही कोकणा आदिवासी माणसं हात धरून गोल नाचतो आणि मधे उभा राहून एकजण भोपळ्याची पावरी फुंकतो. गाव सोडून सुरतेला कापडाच्या लूमवर आलेल्या आमच्या मोजक्या घरांत ती येत होती फक्त सोमाबाबांना.

"पाय हेर, मग फुंक," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. एखादी म्हातारी दमली की पावरी हळू व्हायची, पोरं रंगात आली की धावायची. नाचातून कुणी गळलं तर देवाला ते चालत नाही, असं ते मानत. इथं गावच्या खळ्याच्या जागी कारखान्यामागचं पटांगण आलं, उत्सव सुट्टीच्या दिवसावर ढकलला गेला, तरी त्यांनी कुरकुर केली नाही.

काळजी एकच होती, आपल्यामागं फुंकणार कोण? मुलगा दिलीप इच्छापोरला कंत्राटी कामावर. पावरीचं नाव काढलं की हसायचा. मागच्या वर्षी मात्र तो स्वतःच मोबाइल पुढं धरून म्हणाला, "बाबा, वाजवा. ऐकून शिकतो." बाबांनी खोकला दाबत सगळ्या चाली वाजवल्या आणि चाळभर गूळ वाटला.

यंदा ते पावरी कापडात गुंडाळून पटांगणात पोहोचले, तर नाच सुरूच झालेला. स्पीकरवर त्यांचीच पावरी वाजत होती. दिलीप म्हणाला, "तुम्हाला दम लागतो ना आता. बसा निवांत." शिकायचं त्याच्या मनात कधी नव्हतंच. मला त्याचा असा संताप आला, की अजून त्याच्याशी धड बोलवत नाही.

बाबांनी पावरी माझ्याकडे दिली आणि ते रिंगणात शिरले. थोड्याच वेळात त्यांचे पाय मागं पडू लागले. स्पीकरला कुठले आलेत डोळे? शेजाऱ्याचा हात सुटला, नाच पुढं गेला.

माझ्याजवळ येऊन ते धापा टाकत बसले. "माझीच पावरी," म्हणाले, "माझ्यासाठी थांबली न्हाई रं."

दुसऱ्या दिवशी पावरी घेऊन ते कायमचे गावी गेले. निघताना दिलीप समोर उभा होता. बाबांनी त्याच्या पायांकडे पाहिलं नाही.