मोगऱ्याचं तेल प्यालेला ग्रामोफोन

जावा बेटावरच्या सोलो शहराच्या जुन्या बाजारात चावीचे ग्रामोफोन दुरुस्त करायचे तर लोक वागियेमचंच दुकान दाखवतात; सगळे तिला 'बू', म्हणजे आई, म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी एका पेटीची स्प्रिंग डबीतून उसळून अंगावर आली, तेव्हापासून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. मुलगी सेकार भंगारातून पेट्या हुडकून आणते, कर्ण्यांचे पोचे काढते, लाकडाला पॉलिश करते. पण स्प्रिंगला हात लावायचा नाही, हा आईचा दंडक. सेकार सव्वीस वर्षांची झाली तरी तो कायम होता.

एका मंगळवारी पाक हारजितो, म्हणजे हारजितोकाका, आपली ग्रामोफोनची पेटी घेऊन आले. झाकण उघडलं आणि दुकानभर मोगऱ्याचा वास सुटला.

"यात तेल कुणी ओतलं?" वागियेमने विचारलं.

"मीच! वाडवडिलांची वस्तू. दर वर्षी सुरो महिन्यात, नवं वर्ष लागलं की, घरच्या कट्यारीला हेच तेल लावतो, मग हिनेच काय पाप केलंय?"

"पाक, न्हाऊ घातलंत, आता तिला गजरा तेवढा माळा," सेकार म्हणाली.

"गप गं!" वागियेमने तिला दटावलं. "पाक, चावी किती दिलीत?"

"फिरेना म्हणून देतच गेलो. आता चावीचा दांडाही हलत नाही. नसेल जमत तर आतलं सगळं काढून विजेची मोटर बसवा."

तेलाचा डिंक होऊन चाकं जाम झालेली, आणि त्यांच्यामागे स्प्रिंग पुरती ताणलेली. दांडा घट्ट धरून, स्प्रिंगला रोखणारी अडकण उचलून, ताण थोडा थोडा उलटा सोडायला हवा होता. दांडा निसटला तर मनगट मोडणार. तिच्या धड तीन बोटांचं ते काम नव्हतं.

"मोटर बसवू," ती म्हणाली.

"बू," सेकारने आईला अडवलं, "मोटर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तू गेल्या वर्षी हाकललंस! मी सोडते ताण."

"तुला काही झालं म्हणजे?"

"तुला लागलं तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. मला तू आहेस."

वागियेमने फडक्याने दांड्यावरचं तेल पुसलं. मग म्हणाली, "बांगडी काढ. केस बांध. तोंड बाजूला ठेव. आणि श्वास रोखू नकोस." स्वतः मात्र श्वास रोखूनच बसली.

पहिला फेरा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला दांड्याने असा हिसका दिला की वागियेम किंचाळलीच. पण सेकारने अडकण केव्हाच परत खाली पाडली होती; दांडा जागीच थांबला.

"ओरडू नकोस गं, त्यानेच हात सुटायचा माझा!"

वागियेमने ओढणीने तोंड दाबून धरलं. उरलेले फेरे तिने मोजले नाहीत. दांडा सैल पडला, डबी उघडली, तेव्हा आत स्प्रिंग काकवीसारखी काळी, चिकट होऊन बसली होती.

"सोमवारपर्यंत होईल का हो, बू?" हारजितोंनी विचारलं.

वागियेमने डिंक धुवायला रॉकेलची बाटली सेकारपुढे सरकवली.

"मला काय विचारता? काम तिचं आहे."