तळाची टीम आणि काकूंचा शब्द

हरणाऱ्या टीमच्या मागे लागलं की किस्से गॅरेजमधल्या रिकाम्या खोक्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत आणि आवरायला कुणाला वेळ नसतो. गेल्या सीझनचे आमच्याकडे एवढे साठलेत, की इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या कुठल्याही पॉटलक जेवणाला एखादा तरी निघतोच.

टीम आमच्या मित्राची, शिरीषची. म्हणजे मालकीची नव्हे! इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाचा फुटबॉल क्लब. सगळ्यात वरच्या लीगमधला, आणि त्या लीगमध्ये सगळ्यात खाली. शिरीष मूळचा नागपूरचा. अमेरिकेत येण्याआधी एक वर्ष तो प्रोजेक्टसाठी त्या गावात एकटा राहिला होता. पहिले तीन महिने ऑफिसबाहेर त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. मग घरमालकानं त्याला मॅचला नेलं. पुढच्या शनिवारी शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी त्याला नावानं हाक मारली आणि म्हणाले, "उशीर केलास." तेव्हापासून हा त्यांचा.

मी एकदा म्हटलं, जरा जिंकणारी टीम धरावी माणसानं.

"जिंकणाऱ्यांनी मला हाक मारली नव्हती," शिरीष म्हणाला.

* * *

शनिवारी सकाळी मॅच शिरीषकडे. मी, माझा नवरा मंदार, शिरीष आणि त्याची अकरा वर्षांची ईशा. शिरीषच्या बायकोची वीकएंडला हॉस्पिटलात ड्यूटी असते, त्यामुळे पोहे शिरीषच्या गळ्यात.

जानेवारीत त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, नागपूरहून आल्या. पहिल्याच मॅचला त्यांनी सगळे नियम समजून घेतले. वीस टीम, सीझनच्या शेवटी तळाच्या तीन खालच्या लीगमध्ये जातात.

"म्हणजे वीस पोरांत तीन नापास," काकू म्हणाल्या.

मंदारनं इंजिनिअरिंग सहा वर्षांत पूर्ण केलंय. त्यानं फार कळवळून विचारलं, "एटीकेटी नसते का रे?"

शिरीषनं त्याला दुसऱ्यांदा पोहे दिले नाहीत. शिरीषचा जीव टांगणीला लागला होता. टीम खाली गेली तर आमच्या टीव्ही पॅकेजवर तिच्या मॅचेस दिसणार नव्हत्या. म्हणजे त्याचं गावही गेलं आणि आमचे शनिवारही गेले.

* * *

एक दिवस डिशवॉशर लावताना काकूंची बांगडी दारावर आपटली.

"बांगडी वाढली," काकू म्हणाल्या.

ईशाला 'वाढणं' दोनच प्रकारचं माहीत होतं. उंची वाढते आणि पोहे वाढतात. तिनं तुकडे पाहिले, आजीकडे पाहिलं. "आजी, it broke. How did it grow?"

काकूंनी सांगितलं की चांगल्या गोष्टीला फुटली म्हणायचं नसतं. ईशानं खांदे उडवले. तिच्या मते ही सरळ सरळ थाप होती.

* * *

आता माझी कर्मकथा. सीझनमधला आमचा पहिला गोल झाला तेव्हा मी किचनमध्ये चहा मायक्रोवेव्ह करत होते. दुसरा झाला तेव्हाही. त्यानंतर टीम अडचणीत आली की चौघं माझ्याकडे बघायचे आणि मी निमूट उठायचे. अख्ख्या सीझनमध्ये मी आमचा एकही गोल पाहिलेला नाही. चहा मात्र भरपूर गरम केला.

* * *

मार्चमध्ये आम्ही चार-शून्य हरत होतो. समोरच्या टीमचे प्रेक्षक 'खाली चाललात, खाली चाललात' असं सुरात गात होते. काकूंना ते सहन होईना.

"वाढव गं तो टीव्ही," त्या ईशाला म्हणाल्या.

ईशानं आवाज पार टोकाला नेला! तो कोरस घरभर घुमला. शिरीष आ वासून लेकीकडे बघत राहिला. काकूंनी कानांवर हात ठेवले आणि ईशा ओरडत होती, "She said वाढव!"

आवाज बंद झाल्यावर काकूंनी तिला जवळ बसवलं. ईशाच्या आजोबांचं नागपूरला इतवारी बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. चाळीस वर्षांत ते एकदाही 'दुकान बंद केलं' म्हणाले नाहीत. रोज 'वाढवलं'च म्हणायचे.

"काहून?" ईशानं 'का'साठी आजीचाच नागपुरी शब्द उचलला.

"बंद म्हटलं की बंद पडतं. वाढवलं म्हटलं की उद्या उघडायचं असतं."

* * *

शेवटून दुसऱ्या मॅचला काकूंनी नारळ आणायला लावला. शिरीष ड्राइव्हवेवर बसून तो आपटत होता. नारळ काही दाद देईना. समोरच्या घरातले रिटायर्ड गृहस्थ बराच वेळ बघत होते. शेवटी ते ड्रिल घेऊन आले आणि काय दुरुस्त करायचंय म्हणून विचारू लागले.

"Our defense," ईशा म्हणाली.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. माझ्या मते श्रेय ड्रिलचं.

* * *

शेवटची मॅच रविवारी होती. जिंकलो तर वर, नाहीतर खाली. ईशाची स्वतःची सॉकर मॅच असल्यामुळे ती घरी नव्हती. एक-एक बरोबरी होती. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी आपणहून किचनमध्ये गेले आणि रिकामा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवून उभी राहिले. बाहेरून काहीच आवाज आला नाही. मग शिट्टी ऐकू आली.

मी बाहेर आले तेव्हा स्क्रीनवर आमचे खेळाडू गवतावर बसले होते. शिरीष सोफ्याच्या कडेला बसला होता, हात गुडघ्यांवर. मला रडू येत होतं, आणि मला तर अजून ऑफसाइडही कळत नाही.

तेवढ्यात ईशा चिखलाच्या बुटांनीच आत आली. "So? Did they go down?"



"नाही गं," काकू म्हणाल्या. "वाढली."

ईशानं आजीकडे पाहिलं, मग बाबाकडे. ती त्याला खेटून बसली. बुटांबद्दल तिला कुणी काही बोललं नाही. तिनं रिमोट उचलला.

"बाबा," ती म्हणाली, "टीव्ही वाढवू?"

शिरीषनं मान डोलावली, आणि तिनं टीव्ही बंद केला.