गाडीच्या आधी आलेला चाकू

आमच्या घरी गाडी यायच्या आधी, गाडीतून जीव वाचवून बाहेर पडायचा चाकू आला.

त्याचं असं झालं. कामासाठी समुद्रपूरला गेलो होतो आणि परत येताना जामच्या चौकात बसची वाट पाहत उभा होतो. तिथे एकानं रस्त्याच्या कडेला चादर पसरून टॉर्च, मोबाइलचे स्टँड, पाने-पेचकस असं दुकान मांडलं होतं. माझ्याकडे नजर जाताच त्यानं एक घडीचा चाकू खटकन उघडला.

"काका, ॲक्सिडेंट झाला, सीटचा पट्टा अटकला, दरवाजा उघडून नाई राह्यला, तं काय करान?"

मी खरोखर विचारात पडलो. (कुणीही काहीही विचारलं की विचारात पडायचा माझा स्वभावच आहे. विकणाऱ्यांना तो लांबूनच कळतो.)

"हे पाहा. ह्या हुकानं पट्टा सर्रकन कापते. अन् मुठीच्या बुडाले हे टोक, काचेले टेकवून दाबलं का आतली स्प्रिंग सुटते अन् काच खल्लास! संकट काही सांगून येते का काका?"

घेतला!

घरी, नालवाडीला, बायकोसमोर मोठ्या थाटात चाकू उघडला. सुनंदानं तो उलटापालटा करून पाहिला.

"आपल्या स्कूटरले पट्टा हाय का?"

"नाई."

"काच?"

"आरसे हायेत ना दोन!"

ती कपाळावर हात मारून आत गेली.

चाकू मात्र माझ्या खिशातच राहायला लागला. त्यानं मी दुधाच्या पिशव्या कापल्या, तांदळाच्या कट्ट्याच्या शिवणी उसवल्या, गल्लीतल्या पोरांच्या वाढदिवसाचे केक कापले. सुनंदानं एकदा त्या चाकूनं सांबार (म्हणजे कोथिंबीर) चिरायला घेतला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो, "अवं, जीव वाचवाचा चाकू हाय तो!" ती म्हणाली, "मंग भाजीचाही वाचवते म्हना!" दुसऱ्यांच्या गाडीत बसलो की मी हात खिशात ठेवून तयारीत असायचो. पण लोक इतकी जपून गाडी चालवतात की काय सांगू! दर वेळी सुखरूप पोचायचो आणि मनातून थोडा हिरमुसायचो.

शेवटी गाडी आली. जुनीच, पण पांढरीशुभ्र. मला ती चाकूसाठी हवी होती आणि सुनंदाला माहेरासाठी. तिचं माहेर सेलूचं. वर्षानुवर्षं आम्ही तिथे स्कूटरवरून धूळ खात पोचायचो आणि तिची वहिनी, मंदा, दारातच टॉवेल घेऊन उभी. "ताई, आधी तोंड धुवा, मंग ओळखू येसान!" मंदा मनानं वाईट नाही, पण हे वाक्य सुनंदाच्या काळजात रुतून बसलं होतं. तिची एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, काचा वर करून भावाच्या अंगणात जायचं आणि एक केस न विस्कटता उतरायचं!

मुहूर्त ठरला महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. सगळं गणगोत जमणार. सुनंदानं भावानं भाऊबीजेला दिलेली जरीकाठाची साडी नेसली, केसांचा असा काही अंबाडा घातला की मी दोनदा मागे वळून पाहिलं, त्यावर गजरा. निघण्याआधी गाडीची पूजा. चाकाखाली निंबू ठेवले, आरती झाली. शेजारचे गुलाबराव प्रसाद घ्यायला आले आणि नेमका माझ्या हातातला चाकू पाहून म्हणाले, "भाऊ, हे बुडाले टोक कायचं हो?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारलं होतं! माझा ऊर भरून आला.

"लय सोपं हाय गुलाबराव. ठोकाचं नाई, नुसतं असं काचेले टेकवाचं, अन्..."

खट्!

सुनंदाच्या बाजूची अख्खी काच खडीसाखरेसारखी सीटवर पडली.

"भाऊ," गुलाबराव हळूच म्हणाले, "निंबू फुटाच्या आधी काच फुटली बापा!"

सुनंदाकडे पाहायची माझी हिंमत होईना. "मागच्या सीटवर बसतं का?" मी विचारलं.

"मागं बसाले गाडी घेतली का? मी पुढंच बसीन!"

सीट झाडली, काचा वेचल्या. गुलाबरावांनी त्यांच्या नव्या गादीचं प्लास्टिक आणून दिलं, ते खिडकीला चिकटपट्टीनं लावलं. लांबून काचच वाटत होती. (लांबून म्हणजे बरंच लांबून.) पवनारच्या पुलापर्यंत ते फडफडलं आणि पुलावर गाडीचा निरोप घेऊन धाम नदीकडे निघून गेलं. सुनंदानं पर्समधून दुपट्टा काढला आणि स्कूटरवर बांधते तसा डोक्याभोवती, तोंडाभोवती घट्ट गुंडाळला. डोळे तेवढे दिसत होते. त्या डोळ्यांकडे मी सेलू येईपर्यंत पाहिलं नाही.

अंगणात सगळे उभेच होते. मंदा नव्या गाडीला ओवाळायला ताट घेऊन पुढे आली. मी उतरलो. सुनंदा उतरेना!

"काऊन वं, काय झालं?"

"पट्टा निंगून नाई राह्यला!"

मी दाबून पाहिलं, ओढून पाहिलं. काचेचा एखादा कण पट्ट्याच्या बकलाच्या खाचेत जाऊन बसला होता. सुनंदाचा भाऊ, प्रमोद, पुढे येत म्हणाला, "भाऊजी, थांबा, मी पाह्यतो."

थांबतो कुठला! पट्टा अटकलेला, दरवाजापाशी गर्दी, आत बायको अडकलेली. मी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते संकट हेच! "सरका सगळे!" असं ओरडून मी चाकू काढला.

"अवो, नका! पदर हाय खाली! पद..."

सर्र!

पट्टा सुटला. त्याच्याबरोबर भाऊबीजेच्या साडीचा हातभर पदरही सुटला. त्या चाकूच्या धारेला नाव ठेवायला जागा नाही, एवढं मात्र कबूल करायलाच हवं. प्रमोदनं मग खाचेत दोन टिचक्या मारल्या, बटन दाबलं, काचेचा कण टपकन पडला आणि पट्टा अगदी सहज उघडला.

"हेच म्हणून राह्यलो होतो भाऊजी," तो म्हणाला.

सुनंदा खाली उतरली. एका हातात कापलेला पदर, डोक्याला दुपट्टा. एवढ्या लोकांसमोर तिची ही दशा मी केली होती. मंदाच्या खांद्यावर सवयीनं टॉवेल होताच. ताट बाजूला ठेवून, तो घेऊन ती पुढे आली, सुनंदानं दुपट्टा सोडला आणि मंदा पाहतच राहिली.

अंबाडा जागच्या जागी! गजऱ्याची एक कळी हललेली नव्हती!

"बापा बापा! ताई, केस तं पार्लरमधून आल्यावानी हायेत तुमचे!" मंदानं टॉवेल काखेत मारला. "सांगा तं मले, कशा करता?"

सुनंदानं मानेला असा झटका दिला की माझा जीवच भांड्यात पडला. मग तिनं त्या कापलेल्या पदराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. ती हसली म्हणून मंदा हसली, मग सगळं अंगण! मंदानं तिला स्वतःची साडी नेसायला दिली. पंगतीत मला आंबील आणि पुरणपोळी आग्रहानं वाढली. माझी कापाकापीची हौस अजून फिटली नसेल म्हणून काकड्याही माझ्याचकडून कापून घेतल्या.

आता गाडीला नवी काच आहे, नवा पट्टा आहे आणि चाकू सुनंदाच्या पर्समध्ये आहे. मी एकदा मागून पाहिला. म्हटलं, "अवं, माह्याजवळ राहू दे ना. जामचा तो माणूस सांगत होता, संकट काही सांगून येत नाई."

"बाकीच्यायचं येत नसंन," सुनंदा म्हणाली. "माह्यं तं रोज सांगून येते. दारात हॉर्न वाजवते अन् म्हणते, 'चाल वं, गाडी काढली!'"