राखेचं पिंप

डिप्लोमाची परीक्षा संपली आणि मी पप्पांच्या वर्कशॉपमध्ये जायला लागले. नवीन पनवेलच्या मागे, पत्र्याचा गाळा. तिथे माणसं फार बोलत नसत, मशीनच्या आवाजात बोलून उपयोगही नसे. मला ते फार सोयीचं होतं.

एक शेठ गॅस शेगडीचे पाय कापायची डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा पोलादी साचा, घेऊन आले होते. तिचा एक कोपरा, आट्यांच्या भोकासकट, तुटला होता. तो वेल्डिंगने भरायचा, सपाट करायचा आणि त्यातच नवीन भोक पाडून आटे घ्यायचे. भोक पाडता यावं म्हणून भरलेला भाग नरम राहायला हवा होता. पण डाय कडक केलेल्या टूल स्टीलची. असं स्टील वेल्डिंगनंतर झपकन गार झालं तर जोडाशेजारी काचेसारखं ठिसूळ होतं आणि तडकतं. म्हणून आधी भट्टीत तापवायचं, निकेलची नरम तार वापरून थोडं थोडं भरायचं, आणि मग भाताच्या तुसाच्या राखेत पुरून ठेवायचं. राख उष्णता धरून ठेवते. आमच्याकडे तिचं एक मोठं पिंपच होतं.

त्या दिवशी पप्पांनी पहिल्यांदा वेल्डिंगची टॉर्च माझ्या हातात दिली. ते शेजारी उभे राहिले, फक्त "घाई नको" म्हणाले. कोपरा भरून झाल्यावर आम्ही डाय राखेत पुरली, वर झाकण टाकलं. "उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही," असं सांगून ते कळंबोलीला माल आणायला गेले. आमचे मिलिंग मशीन चालवणारे काका, उरणचे, जेवायला बाहेर पडले. मी एकटी.

तेवढ्यात शेठ आले.

"झालं ना बेटा वेल्डिंग? मग काढ बाहेर. पंख्याखाली ठेवू, अर्ध्या तासात गार. माझा प्रेस सकाळपासून बंद आहे."

मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांना ती दिसली नसावी. स्लो कूलिंग का लागतं ते माझ्या डोक्यात इंग्रजीत अगदी मुद्देसूद तयार होतं. त्याचं मराठी जुळवेपर्यंत शेठ सांडशी हातात घेऊन पिंपाकडे निघाले होते. डाय तडकली असती तर ती भंगारात गेली असती, आणि मला पुन्हा टॉर्च मिळाली नसती.

मी त्यांच्या पुढे गेले आणि झाकणावर बसले.

शेठ थांबले. मुलीला हात धरून उठवणं त्यांना शक्य नव्हतं, आणि मी उठत नव्हते.

"अगं, ऊठ की."

"पप्पा उद्या म्हणालेत," मी म्हटलं. झाकण कोमट लागत होतं. मी जमिनीकडे बघत राहिले.

काका जेवून आले ते दारातच थबकले.

"काय गो बाय, अंडी उबवतेस काय?"

शेठना हसू फुटलं, मलाही. काकांनी त्यांच्या हातातली सांडशी हळूच काढून घेतली. "शेठ, कोंबडी उठवू नका. पिल्लू नाय निघणार." मग त्यांनी चहा सांगितला. शेठ चहा पिऊन, पप्पांना फोनवर माझी तक्रार करून गेले. पप्पा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

सकाळी डाय बाहेर काढली. काकांनी आधी भरलेल्या भागावर कानस घासून पाहिली. कडक स्टीलवर ती नुसती घसरते, इथे पकडत होती. मग मिलिंग, मग ड्रिल. भोकातून लांब, गुंडाळलेली धातूची चकचकीत साल वर येत राहिली. आटे काकांनी हाताने घेतले, श्वास रोखून. तडा कुठेच नव्हता.

"लोण्यासारकं कापलं," काका पप्पांना म्हणाले, माझ्याकडे न बघता.

पप्पांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, डाय उलटी केली. "पलीकडचा कोपराही झिजलाय. शेठना विचारतो. हो म्हणाले तर तोही हिलाच भरू दे."

माझा चेहरा कोणाला दिसू नये म्हणून मी भट्टी लावायला गेले. शेठनी हो म्हणायचं अजून बाकी होतं.