अक्का चालत निघाली की

फोनच्या बूथचं काचेचं दार ढकलून अक्का बाहेर आली की आम्ही आधी तिच्या पायांकडं बघायचो. तोंडाकडं नंतर. तिनं पदर कमरेला खोचला, निऱ्या जराशा वर घेतल्या आणि पळत सुटली, की समोरचा हॉटेलवाला पुन्हा चहा गाळायला लागायचा आणि मी पुन्हा शिलाई मशीनचं चाक फिरवायचो. पण पदर डोक्यावर घेऊन ती सावकाश चालायला लागली, तर मात्र सगळा रस्ता गप्प व्हायचा.

तुम्हाला हे उलटं वाटलं असणार. साऱ्या जगात माणूस वाईट बातमी घेऊन पळतो. आमच्या हुलसुरात तसं नव्हतं, आणि हा उलटा कायदा अक्कानंच केलेला होता.

तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. गावातली निम्मी तरणी माणसं पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली. त्यांचे फोन यायचे ते स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर. नवरा गेल्यावर अक्काला तो बूथ मिळाला होता. माझं टेलरिंगचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लावून; सगळे मला मास्तर म्हणायचे. फोन आला की पलीकडचा सांगायचा, आमच्या घरच्यांना बोलवा, दहा मिनिटांनी परत लावतो. मग अक्कानं त्या घरी जाऊन माणूस घेऊन यायचं. घर जवळ असलं तर ठीक. पण धनगरगल्ली गावाच्या पार टोकाला. चालत जाऊन येईपर्यंत फोन वाजून वाजून बंद पडायचा, आणि तिकडं रांगेत उभा राहिलेला गडी तसाच कामावर जायचा.

म्हणून अक्का पळायला लागली. चाळिशी उलटलेली, अंगानं चांगली भरलेली, पायात रबरी चप्पल. पहिल्यांदा धनगरगल्लीत पळत गेली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. दारात उभी राहून ती नुसती कानाला मूठ लावून दाखवायला लागली. घरातल्या बाईला वाटलं, अक्काचा कान ठणकतोय. ती आत गेली, लसूण घालून तेल कढवलं आणि अक्काला धरून खाली निजवलं. तेल कानात पडल्यावर अक्काला वाचा फुटली, "अगं बये, तुझ्या नवऱ्याचा फोन हाय!" तोवर नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. दोन दिवस गाव हसत होतं. सगळ्यात जास्त मी हसलो, हे सांगायला हवं.

"हसा मास्तर, हसा," अक्का म्हणाली. "पर पळायचं तर बोलता आलं पाह्यजे, येवढं मला कळलं."

मग तिनं आपली रीत काढली. निरोप मोठ्यानं म्हणत पळायचं. "पुण्याचा फोन, धा मिनटात चला. पुण्याचा फोन, धा मिनटात चला." शब्द तुटायला लागले की चालायचं, दम जुळला की पुन्हा पळायचं. आधी मारुतीच्या पारापर्यंतच जमायचं. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. कूस धरायची, पोटऱ्या गोळा व्हायच्या, आणि बूथमध्ये बसल्या बसल्या ती पायांना तेल चोळत कण्हायची. "कामून येवढा जीव काढायलाव अक्का?" मी विचारायचो. "तिकडं ते लेकरू फोन धरून उभं आसतंय की," एवढंच तिचं उत्तर.

आणि एक दिवस ती धनगरगल्लीतून परत आली ती वेगळीच. घामानं निथळत होती, पण डोळे लहान पोरीसारखे चमकत होते. "मास्तर, आज मी पळायलेय आसं वाटलंच न्हाई बघा. पाय आपलं आपण जायलेत."

त्यानंतर फोन नसतानाही ती पळायला लागली. तेव्हा पहाटे फोनचे दर कमी असायचे. ती गर्दी सरली की मला बूथमध्ये बसवायची आणि निलंग्याच्या रस्त्यानं निघायची. पार राज्याच्या सीमेपर्यंत, जिथं आपल्याकडच्या डांबराचा रंग संपून महाराष्ट्राच्या डांबराचा सुरू होतो तिथवर. "आज कुणाचा निरोप?" हॉटेलवाला ओरडायचा. "कुणाचाच न्हाई, अण्णा. माझं मीच जायलेय." मलाही चल म्हणायची. "पळा की जरा मास्तर. पोट मशीनला टेकायलंय तुमचं." मी आपला दोऱ्याचं निमित्त सांगून सुटायचो.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण तेवढ्यात ती साखरेची गोष्ट घडली.

बाजारगल्लीतल्या एका म्हातारीची लेक हैदराबादला होती, दिवस भरलेले. सकाळी फोन आला. अक्कानं ऐकला, ठेवला आणि सवयीनं पळत सुटली. आता गावाला माहीत झालं होतं की अक्का पळत आली म्हणजे आपल्या माणसाचा फोन, म्हणजे आनंदच. म्हातारीनं तिला लांबूनच पाहिलं. आत पळाली, मूठभर साखर आणली, आणि अक्का दारात पोचते न पोचते तोच तिच्या तोंडात घातली. "काय झालं, लेक का ल्योक?" आणि अक्काच्या तोंडात साखर, आणि सांगायचं ते असं, की तुझी लेक बाळंतपणात गेली.

तिनं ते कसं सांगितलं, मी विचारलं नाही. परत आली तेव्हा ती बूथच्या मागं जाऊन चुळा भरत राहिली. किती पाणी ओतलं तरी थांबेना. शेवटी मी तांब्या काढून घेतला.

"आता वाईट निरोपाला पळायचं न्हाई," ती म्हणाली. "मी जेवढी उशिरा जाईन तेवढा येळ त्यांचं माणूस जित्तं आसतंय, मास्तर. तेवढं तरी त्यांचं त्यांला ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून हा कायदा. चांगल्याला पळत, वाईटाला चालत. गावाला तो समजायला फार वेळ लागला नाही. वाईट निरोप काही रोज येत नव्हता. पण बांधकामं वाढली तशी गावची पोरं उंच उंच चढायला लागली, आणि अक्का महिन्या दोन महिन्यांनी एकदा तरी चालायला लागली. ती चालत निघाली की दारात निवडत बसलेल्या बायकांचे हात सुपातच थांबायचे. प्रत्येक जण मनात म्हणायचा, माझ्या दारावरून पुढं जाऊ दे. ती पुढं गेली की माणसं श्वास सोडून आत कामाला लागायची, आणि मग दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडं बघायची त्यांना लाज वाटायची. मलाही वाटायची. माझा धाकटा भाऊ पुण्यालाच होता.

आणि अक्काचा पोरगाही. एकुलता एक, सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या कामावर. आठवड्याला आईला फोन करायचा. "आई, आता बाराव्या मजल्यावर हाव. वरनं माणसं ज्वारीच्या दाण्यायेवढी दिसायलीत." ती हसायची, आणि फोन ठेवला की हसू लगेच जायचं. "वर बघून काम कर म्हनावं का खाली बघून, मला तर काईच कळंना," असं मला म्हणायची. गावात कुणाकडं चालत जाऊन आली की ती सारा दिवस त्या फोनकडं पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "मी सगळ्यांचे निरोप नेते. माझा कोन आणील हो?" मी म्हणालो, "काय वंगाळ बोलायलाव अक्का." पण ते माझ्या पोटात बसलं ते बसलंच.

त्या पोरानं तिला पुण्याहून बूट पाठवले होते. निळे, एक नंबर मोठे. पुढं चिंध्या कोंबून ती ते घालायची. "लेकानं पाठवलेत, ढिले का आसंनात," म्हणत धनगरगल्लीपासून बाजारगल्लीपर्यंत मिरवून आली होती. दसऱ्याला तो येणार होता. आईबरोबर सीमेपर्यंत पळणार होता, पैज लावली होती त्यानं.

दसऱ्याच्या आधीचीच गोष्ट. अक्का पळायला गेलेली, मी बूथमध्ये बसलेलो. फोन वाजला. पलीकडं आमच्याच भागातला एक गडी होता, पोराबरोबर काम करणारा. त्याला वाटलं, मास्तर आहे तर बरं झालं. फळी निसटली, म्हणाला. मी विचारलं, दवाखान्यात नेलाय ना? तो म्हणाला, "न्हाई मास्तर. न्यायसारखं काई ऱ्हायलंच न्हाई."

मी बाहेर आलो. ऊन नुकतं रस्त्यावर उतरलं होतं आणि अक्का परत येताना दिसत होती. निळे बूट, कमरेला पदर. ऐटीत पळत होती. काय करावं मला कळेना. पाय आपोआप तिच्या दिशेनं चालायला लागले.

रस्त्याकडेच्या चिंचेच्या झाडापाशी आल्यावर तिनं मला पाहिलं. दुकान सोडून मी कधी त्या रस्त्याला जात नसे. ती थांबली. माझ्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही. माझ्या पायांकडं पाहिलं.

आणि वळून ती उलटी पळत सुटली.

धावून तिला गाठावं असं फार वाटलं. पण मी पळालो असतो आणि तिनं वळून पाहिलं असतं तर? तिला वाटलं असतं, चांगलं आहे, मास्तर पळायलाय. तेवढं खोटं माझ्यानं होईना. म्हणून मी चालत राहिलो, आणि ती लांब लांब जात लहान होत गेली. मी रडत होतो, आणि पाऊल लवकर पडू नये म्हणून जपतही होतो.

डांबराचा रंग बदलतो तिथं ती रस्त्याच्या कडेला बसली होती. पुढं महाराष्ट्र होता, तिकडंही जाता आलं असतं, पण तिचा रस्ता नेहमी तिथंच संपायचा. तिनं बूट काढले होते आणि आतल्या चिंध्या एक एक करून मांडीवर ठेवत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. मला काही सांगावं लागलं नाही.

शेवटची चिंधी काढून झाल्यावर ती म्हणाली, "लई सावकाश आलाव मास्तर. बरं केलाव."

पुढं महिन्याभरात तिचा भाऊ येऊन तिला माहेरी, आळंदकडं घेऊन गेला. बूथ बंद झाला, नंतर तिथं रिचार्जचं दुकान आलं. आता ज्याची त्याची बातमी ज्याच्या त्याच्या खिशात वाजते, कुणाला घटकाभराचीही सवड मिळत नाही. पण मला आठवतं ते त्या दिवशी आमचं गावात परत येणं. अक्का अनवाणी होती, बूट हातात. दारादारात माणसं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे आमच्या पायांवर होते. आम्ही चालत एकेका दारावरून पुढं गेलो. त्या दिवशी कुणी आत गेलं नाही.